सॅम्पल फ्लॅट आणि सातबारा

घोडबंदर रस्त्यावरच्या त्या सॅम्पल फ्लॅटमध्ये शिरताना आम्हाला चपला काढायला लावल्या. देवळाबाहेर काढतात तशा, ओळीने. आत गार हवा, मंद सुवास, भिंतीभर आरसा आणि टेबलावर चिनी मातीच्या चार बशा मांडलेल्या, जणू जेवायची माणसे आत्ताच हात धुवायला गेली आहेत. २०२३ च्या पावसाळ्यातला रविवार होता. घर घ्यायचे होते ते माझ्या पुतणीला आणि तिच्या नवऱ्याला. मी आपला सोबतीला. दोघेही नोकरी करणारे, लग्नाला चार वर्षे झालेली, आणि भाड्याच्या घरांतून तिसऱ्यांदा सामान हलवून पार कंटाळलेले.

पुतणी स्वयंपाकघराच्या ओट्यावरून हात फिरवत उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून मला कळले, की घर घेऊन झाले आहे. आता फक्त पैसे द्यायचे बाकी आहेत.

घर पाहायला जाताना खिशात मोजपट्टी ठेवायची सवय मला वडिलांकडून लागली. अण्णांची ती पोलादी टेप अजून माझ्याकडे आहे. विक्री करणारा तरुण बाकीच्यांना बाल्कनीतला देखावा दाखवत होता, तेवढ्यात मी पलंग मोजला. साडेपाच फूट! एरवी पलंग सव्वासहा-साडेसहा फुटी असतो. आमचे जावई त्यावर आडवे झाले असते तर पाय हवेत राहिले असते. कपाटाची खोली सव्वा फूट, म्हणजे हँगर आडवा मावणार नाही. आणि आतल्या खोल्यांना दारेच नव्हती. दार नसले की ते उघडायला जागा लागत नाही, आणि खोली मोठी दिसते. यात बेकायदा काहीच नाही. दुकानातल्या पुतळ्याच्या अंगावर साडीसुद्धा टाचण्या लावूनच चोपून बसवलेली असते.

"साडेसहाशे युजेबल कार्पेट आहे, सर," तो तरुण म्हणाला.

"आणि करारात किती लिहिणार?"

त्याने कागद उलटला. करारातला आकडा ५४० चौरस फुटांचा होता. मधले एकशेदहा फूट म्हणजे बाल्कनी आणि कपडे वाळत घालायचा सज्जा. कायद्याच्या व्याख्येनुसार चटई क्षेत्रात, म्हणजे कार्पेटमध्ये, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. घरातल्या दोन खोल्यांमधल्या भिंती मात्र धरतात. म्हणजे प्रत्यक्ष पायाखाली येणारी फरशी त्या ५४० हूनही थोडी कमीच. पूर्वी 'सुपर बिल्टअप' नावाचा जो प्रकार होता, ज्यात जिना, लिफ्ट आणि गच्चीवरची टाकीसुद्धा आपल्या गळ्यात पडत असे, त्या मानाने आजचा हिशेब पुष्कळच सरळ आहे. पण तो सरळ हिशेब करारात असतो, माहितीपत्रकात नव्हे.

मग खाली कचेरीत आणून बसवले. चहा आला. घराची किंमत ब्याऐंशी लाख. त्यावर मुद्रांक शुल्क ठाण्यात ७ टक्के, म्हणजे ५ लाख ७४ हजार. नोंदणीचे ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के, ४ लाख १० हजार. नुसते सरकारचे देणेच दहा लाख चौदा हजार झाले. वर मजल्याप्रमाणे चढता दर, क्लब हाऊस, दोन वर्षांचा आगाऊ देखभाल खर्च हे वेगळेच. (जाता जाता सांगायचे, तर मुद्रांक शुल्कात स्त्रियांना १ टक्क्याची सवलत आहे, पण ती घर केवळ स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावावर असेल तरच. नवऱ्याच्या नावाशेजारी बायकोचे नाव घातले की सवलत मिळते, ही समजूत चुकीची. या एका समजुतीपायी पुतणीच्या हिशेबात ८२ हजारांची चूक निघाली.)

"आज बुकिंग केलंत तर मॉड्युलर किचन आमच्याकडून," तो म्हणाला. "ऑफर आजचीच आहे."

पुतणीने माझ्याकडे पाहिले. "काका, करून टाकू का? टोकनच तर द्यायचंय."

मी म्हणालो, "उद्या सांगू." त्या मुलाच्या चेहऱ्यावरचे हसू किंचित विरले. परत येताना गाडीत कोणी बोलेना. मी खलनायक ठरलो होतो, आणि त्याचे कारण समजावून सांगायचे तर मला चाळीस वर्षे मागे जावे लागणार होते.

अण्णांनी डोंबिवलीला घर घेतले ते १९८४ साली. तोवर आम्ही गिरगावात एका चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे. घराची किंमत ७८ हजार. काही पैसे भविष्यनिर्वाह निधीतून काढले, काही कचेरीतल्या पतपेढीचे कर्ज, आणि उरलेल्यासाठी आईच्या पाटल्या. अण्णा घाईने निर्णय घेणारे नव्हते. घर ठरवण्यापूर्वी ते पाच वेळा तिथे जाऊन आले. एकदा सकाळी सहाला, नळाला पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते ते पाहायला. एकदा भर पावसात, रस्त्यावर पाणी कुठवर चढते ते पाहायला. स्टेशनपासून स्वतःच्या चालीने चालून त्यांनी वेळ मोजली: तेरा मिनिटे. शेजारच्या इमारतीतल्या बायकांना आईने रॉकेल आणि दूध कुठे मिळते ते विचारले. आजही कुणी घर घेणार असेल तर मी त्याला हेच करायला सांगेन. सॅम्पल फ्लॅट दाखवतात तो रविवारी दुपारी. घरात राहायचे असते सोमवारी सकाळी.

पण अण्णांनी दोन गोष्टी विचारल्या नाहीत. जमीन कोणाच्या नावावर आहे, आणि इमारतीत राहायला जाण्याची परवानगी नगरपालिकेने दिली आहे का. पाच रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करार झाला. तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवला गेला नाही. बिल्डरने हातात किल्ली दिली, आईने उंबरठ्यावर माप ठेवले, आणि तीस वर्षे सगळे सुखाने चालले.

२०१४ च्या सुमारास इमारतीचे सज्जे गळायला लागले, सळ्या दिसू लागल्या. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली, आणि येणाऱ्या प्रत्येक विकासकाने पहिला प्रश्न तोच विचारला: सोसायटीच्या नावाने सातबारा आहे का? तलाठ्याकडून उतारा काढला. त्यावर मूळ शेतकऱ्याचे नाव. तो केव्हाच वारलेला, आणि वारस सतरा. त्यांतल्या काहींना तिथे इमारत उभी आहे हे ठाऊक होते, काहींना नव्हते. बिल्डरची कंपनी बंद पडलेली. चोवीस कुटुंबांनी चोवीस घरांचे पैसे दिले होते, तीस वर्षे घरपट्टी भरली होती, आणि ज्या जमिनीवर ती घरे उभी होती तिच्यावर कागदोपत्री त्यांचा काही संबंध नव्हता. सोसायटीच्या सभेत ही गोष्ट वाचून दाखवली तेव्हा अण्णा शेवटच्या रांगेत बसले होते. घरी आल्यावर त्यांनी फाइल काढली. त्यात प्रत्येक हप्त्याची पावती होती, तारीखवार लावलेली. ती चाळत म्हणाले, "मी काय कमी केलं रे?"

काय उत्तर देणार? त्यांनी त्यांच्या परीने काहीच कमी केले नव्हते. आणि कायदाही नव्हता असे नाही. सदनिकांच्या विक्रीसाठी महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला तो १९६३ साली. 'मोफा' म्हणून तो ओळखला जातो. जमिनीची मालकी आणि मंजूर नकाशे ग्राहकाला दाखवणे, किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्याआधी करार करून तो नोंदवणे, आणि वेगळी मुदत ठरली नसेल तर सोसायटी स्थापन झाल्यावर चार महिन्यांत जमीन आणि इमारत तिच्या नावे करून देणे, हे सगळे त्यात होते. अण्णांनी घर घेतले तेव्हा तो कायदा एकवीस वर्षांचा झाला होता. फक्त तो आमच्या चाळीतल्या कुणाला माहीत नव्हता, आणि ज्याला माहीत होता त्याला तो सांगण्याची घाई नव्हती.

बिल्डर जमीन नावावर करून देत नाहीत म्हणून सोसायट्या वर्षानुवर्षे लटकतात, हे ध्यानात आल्यावर २००८ च्या दुरुस्तीने 'मानीव अभिहस्तांतरणा'ची सोय झाली. नाव भारदस्त आहे. लोक डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात. अर्थ सोपा आहे: बिल्डर येत नसेल तर सोसायटीने सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, आणि त्यांनी सुनावणी घेऊन हस्तांतरणाचा आदेश द्यायचा. आम्हीही केला. चोवीसांपैकी नऊ करार नोंदवलेले नव्हते. त्यांची वेगळी कागदपत्रे करून मुद्रांक भरावा लागला. सतरा वारसांना नोटिसा गेल्या. दोघे परगावी, एक परदेशी. आदेश हाती आला २०२१ साली, आणि सातबाऱ्यावर सोसायटीचे नाव लागले त्याच्या पुढच्या वर्षी. अण्णा २०१९ मध्ये गेले होते.

हे सगळे पुतणीला तुटकतुटक माहीत होते, पण आजोबांच्या घराची कटकट म्हणून. आपण ज्या एकवीस मजली मनोऱ्यात घर घेणार तिथे सातबारा आणि तलाठी कुठून येणार, असे तिला वाटत होते. ते साहजिकही होते. २०१६ च्या रेरा कायद्याने आणि १ मे २०१७ पासून काम करू लागलेल्या महारेरा प्राधिकरणाने ग्राहकाला पुष्कळ बळ दिले आहे. लहान प्रकल्प वगळता नोंदणी केल्याशिवाय घरे विकता येत नाहीत. नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के जमीन आणि बांधकामासाठी वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. अण्णांच्या वेळी ग्राहकाने विचारले तर कागद दाखवायचे होते. आता ते महारेराच्या संकेतस्थळावर, मागितल्याशिवाय, पाहायला ठेवलेले असतात.

ठेवलेले असतात, पण पाहायचे कोणी?

त्या रविवारी रात्री आम्ही तिघांनी जेवणाच्या टेबलावर संगणक उघडला. सॅम्पल फ्लॅटच्या जाहिरातीवर खाली बारीक अक्षरांत नोंदणी क्रमांक होता. तो घातल्यावर प्रकल्पाचे पान उघडले. जमिनीवर एका वित्तसंस्थेचा बोजा होता. बहुतेक मोठ्या प्रकल्पांवर असतो, आपल्या घरापुरते तिचे ना-हरकत पत्र घ्यावे लागते, एवढेच. प्रकल्प पूर्ण करायची तारीख विक्रेत्याने सांगितली होती त्यापेक्षा दीड वर्ष पुढची. आणि मग जावईबापूंनी बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र उघडले, ज्याला सगळे 'सीसी' म्हणतात. ते चौदाव्या मजल्यापर्यंतचेच होते. पुढचे मजले 'प्रस्तावित'.

त्यांना दाखवलेले घर एकोणिसाव्या मजल्यावर होते.

सोमवारी पुतणीने फोन केला. तो तरुण बिचारा प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, टीडीआर लोड व्हायचाय. फाइल पुढे गेलीय. सगळीकडे असंच असतं." टीडीआर म्हणजे दुसरीकडच्या जमिनीच्या बदल्यात मिळणारा आणि इथे वापरता येणारा बांधकामाचा हक्क. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. सगळीकडे असेच असते, आणि बहुतेक वेळा परवानगी येतेही. पण ज्या मजल्याला अजून परवानगी नाही त्यावरच्या स्वयंपाकघरासाठी आठ लाख रुपये आधी मोजायचे का, हा प्रश्न उरतोच. 'बहुतेक वेळा' या शब्दांवर बिल्डरचे पाच टक्के लागलेले असतात आणि आपले सगळे.

ज्यांच्या बाबतीत परवानगी आली नाही त्यांचे काय झाले हे मुंबईने पाहिले आहे. वरळीच्या कॅम्पाकोला आवारातल्या इमारती ऐंशीच्या दशकात उभ्या राहिल्या, मंजुरीपेक्षा कितीतरी अधिक मजल्यांच्या. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले अनधिकृत ठरवले, आणि जून २०१४ मध्ये महापालिकेने त्या घरांचे पाणी, वीज आणि गॅस तोडले. ती सुशिक्षित, सुस्थितीतली माणसे होती. शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी जी बेकायदा इमारत कोसळली तिच्यात ७४ जीव गेले. ती माणसे गरीब होती आणि बांधकाम सुरू असतानाच तिथे राहायला आलेली होती. दोन्हीकडे परवानगीचा कागद नव्हता. बाकी साम्य काही नाही.

बरे, महारेराचा क्रमांक पाहिला की काम झाले, असेही नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत पासष्ट इमारतींच्या बांधकाम परवानग्याच बनावट निघाल्या. त्या खोट्या परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. घरे घेणाऱ्यांनी क्रमांक पाहिला होता. महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन परवानगी खरी आहे का, हे विचारणे त्यांना सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर त्यांच्याकडून तशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचेच आहे. पण विचारून पाहायला एक अर्ज आणि एक अर्धी रजा लागते. बँक कर्ज देते आहे म्हणजे कागद चोख असणार, या समजुतीवरही विसंबू नये. बँकेचा वकील बँकेसाठी कागद पाहतो. आपल्यासाठी पाहणारा वकील आपणच नेमायचा असतो. घराच्या किमतीपुढे त्याची फी अगदीच किरकोळ असते, आणि आपण नेमकी तीच वाचवतो.

कर्जाविषयीही बोलले पाहिजे, कारण त्या जेवणाच्या टेबलावर सगळ्यात जास्त वाद त्यावरून झाला. पुतणीला हप्ता माहीत होता. एकूण किती भरायचे हे तिने कधी मांडून पाहिले नव्हते. चाळीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता येतो ३४,७१३ रुपये. पहिल्या हप्त्यातले २८,३३३ व्याजाचे असतात आणि मुद्दल फिटते फक्त ६,३८०. वीस वर्षांत भरले जातात ८३ लाखांच्या वर. हे ऐकून कर्ज घ्यायचेच नाही असे नव्हे. अण्णांना तर असे कर्ज मिळते हेच माहीत नव्हते. पण बँक जेवढे देऊ करते तेवढे घ्यायचे, हे मात्र टाळावे.

माझ्या एका सहकाऱ्याने २०२१ मध्ये सात टक्क्यांनी चाळीस लाख घेतले, हप्ता ३१,०१२. व्याज बदलते होते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर चारवरून साडेसहा टक्क्यांवर नेला, आणि याचा दर साडेनऊच्या घरात गेला. बँकेने हप्ता तोच ठेवला. तो खूश होता. वास्तविक चाळीस लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी महिन्याचे व्याजच ३१,६६७ रुपये होते! मधल्या काळात थोडी मुद्दल फिटली होती म्हणून कर्ज वाढले नाही, इतकेच. निवृत्तीनंतरही हप्ते चालूच राहणार, हे त्याला वर्षाअखेरच्या पत्रकातून कळले. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, याची निवड कर्जदाराला द्या. ती निवड आपण मागायची, आणि घर ठरवतानाच दोन-अडीच टक्के जास्त दराने हप्ता मांडून पाहायचा. तो झेपला तर घर आपल्या ऐपतीचे.

हे गणित मांडल्यावर जावई म्हणाले, "मग आपल्याला ब्याऐंशीचं घर परवडतच नाही." पुतणी रडली नाही, पण उठून आत गेली.

पुढे सहा महिने शोध चालला. शेवटी घेतले ते ठाण्यातच, नऊ वर्षे जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. ४९० फूट कार्पेट, ७१ लाखांना. जुने घर, म्हणून जीएसटीचा प्रश्न नव्हता. इमारतीला २०१४ चे भोगवटा प्रमाणपत्र होते, आणि जमीन २०१८ पासून सोसायटीच्या नावावर. मालमत्ता पत्रकावर सोसायटीचे नाव वाचताना मला अण्णांच्या त्या सभेची आठवण झाली, पण बोललो नाही. पहिल्या खरेदीदारापासूनचे सगळे मूळ करार आणि सूची क्रमांक दोनचे उतारे मागितले. विकणाऱ्याचे कर्ज बाकी होते आणि मूळ कागद त्याच्या बँकेत. म्हणून व्यवहाराचा पहिला धनादेश त्याच्या नावाने नव्हे, त्या कर्जखात्यात दिला. वकिलाने तीस वर्षांचा शोध घेतला. वर्तमानपत्रात चौदा दिवसांची जाहीर सूचना दिली. आतल्या पानावर बारीक टायपात असतात त्या. आजवर आम्ही त्यांच्याकडे भजी गुंडाळायचा भाग म्हणूनच पाहत आलो होतो. पार्किंगसाठी विकणारा वेगळे तीन लाख मागत होता. स्टिल्टमधली पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच म्हटले आहे, ती सोसायटीची. सचिवांनी यादी दाखवली, त्यात या घराला जागा होतीच. तीन लाखांची मागणी मागे पडली.

करार करण्याआधी पुतणीला मी एक दिवस अण्णांची टेप दिली. ती सोमवारी सकाळी सहाला एकटीच तिथे गेली. परत आल्यावर फोन केला.

"काका, पाणी सहा ते साडेसात. पंप सुरू झाला की बेडरूममध्ये आवाज येतो. स्टेशन चालत एकोणीस मिनिटं."

"आणि घर?"

"बाथरूमच्या टाइल्स तपकिरी आहेत," ती म्हणाली. "भयंकर. त्या पहिल्यांदा बदलायच्या."

राहायला जाऊन त्यांना आता बरेच दिवस झाले. टाइल्स अजून तपकिरीच आहेत.